बुधवारचा बेत

बार्धूल म्हणाला, सातला म्हणजे सातला.
दुपार कलली की वारा उठतो, मग मी
माझ्या सासऱ्यालाही होडीत घेत नाही.
माणशी दोन हजार लेक, पोराचे अर्धे.
नऊला उतरवतो, तीनला न्यायला येतो.
तिथे दुकान नाही, नळ नाही. सावली आहे,
पण ती अकरापर्यंतच.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहीत बसले.
पाणी, माणशी तीन लिटर.
टोप्या. काकड्या. पालकाचा ब्युरेक,
तो मंगळवारी रात्रीच भाजून ठेवायचा.
कलिंगड नको, ओझं होतं, असं मी.
कलिंगडाशिवाय कसली सहल, असं गेंती.
कलिंगड लिहिलं. खोडलं. लिहिलं.

तिकडे रस्ताच नाही? एर्मालनं विचारलं.
डोंगर आहे. डोंगरात एक वाट होती
सैनिकांची, ती आता काट्यांची.
नकाशात तो किनारा एवढासा, पांढरा,
कापून टाकलेल्या नखासारखा.

आई लसूण सोलत होती.
पासष्ट वर्षं काढली तिनं व्लोऱ्यात, पाण्याच्या काठाला,
आणि होडीत पाय ठेवला नाही.
तिच्या काळी होड्या मोजलेल्या असत,
वल्ही रात्री कुलपात,
आणि समोरचं काराबुरुन म्हणजे
जिकडे बोट दाखवायचं नाही अशी दिशा.
"परवाना कुणाकडून आणायचा?" ती म्हणाली.
आम्ही हसलो.
थोड्या वेळानं पाहिलं, तर तिचं ओळखपत्र
प्लास्टिकच्या पिशवीत, वर दुहेरी रबर,
टोप्यांच्या ढिगाखाली सारलेलं.

"आणि तीनला तो आलाच नाही तर?"
येईल की. अर्धे पैसे परतल्यावर द्यायचेत.
हे मात्र तिला पटलं.

मग एर्मालची पोहायची ट्यूब निघाली,
गेल्या उन्हाळ्यातली, हिरव्या मगरीची.
फुगवली की तासाभरात मगर मान टाकते.
नवी घेऊ, गेंती म्हणाला.
आईनं हात पुसले, ट्यूब उचलली,
न्हाणीघरात बादली भरली
आणि थोडी थोडी फिरवत पाण्याखाली दाबत गेली.
इथे नाही. इथे नाही.
मग म्हणाली, दिवा घालव.
अंधारात बुडबुडे कसे दिसणार, आजी?
दिसत नाहीत. गालाजवळ धर.
जिथे बारीक गार लागतं, तिथे भोक.

तुला हे कुणी शिकवलं?
ट्रॅक्टरची होती, ती म्हणाली. मोठी. काळी.

आमच्या भिंतीवर मामाचा फोटो कधी नव्हता.
कुणाच्या तरी लग्नातल्या एका फोटोची
एक बाजू कात्रीनं कापलेली आहे,
आणि कापल्या कडेला चार बोटं,
आईच्या खांद्यावर.
मला माहीत असलेला मामा एवढाच.

"सतरा वर्षांची होते मी," अंधारातून ती म्हणाली,
कुणाला सांगत नसल्यासारखी.
"सायकलचा पंप. वर घोंगडी, आवाज जाऊ नये म्हणून.
दोनदा तपासली.
तिसऱ्यांदा तपासायला वेळ नव्हता."

एर्मालनं दिवा लावला.
भोक सापडलं होतं, मगरीच्या डोळ्याजवळ,
टाचणीच्या टोकाएवढं.
गेंतीनं सायकलवाल्याकडून सोल्यूशन आणलं.
पाच मिनिटं दाबून धरा, असं त्यावर लिहिलेलं.
आईचा अंगठा हलला
भाजी खाली लागल्याचा वास आला तेव्हा.

मंगळवारी रात्री बार्धूलचा निरोप:
उद्या वारा. गुरुवारचं बघू.
मी बुधवार खोडला.
ब्युरेक तर भाजून झाला होता.
मग खाऊ या, आई म्हणाली, त्यात काय,
आणि सगळ्यांत मोठा तुकडा तिनंच घेतला.

रात्री पाणी प्यायला उठले.
न्हाणीघराचं दार उघडं, दिवा नाही.
खुंटीला मगर, अजून टम्म,
आणि तिच्या पोटाला गाल लावून
आई उभी.